हिवाळी हिमालय ट्रेक: बर्फ कळत नसेल तर आधी उतार मोजा

दिवाळी सरली की छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या ट्रेकिंग ग्रुपांवर केदारकंठा, ब्रह्मताल, कुआरी पास ही नावे फिरू लागतात. प्रश्न ठरलेले असतात. बूट कुठले घ्यावेत? जॅकेट किती जाड हवे? मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटावर चढवायचे काटे, भाड्याने मिळतात का? हिमस्खलनाचा विषय निघालाच तर कुणीतरी म्हणते, "ते गाइड बघून घेईल," आणि चर्चा पुन्हा बुटांवर येते.

गाइड बघतो हे खरे. पण तुम्ही कोणता मार्ग निवडलात, परतीचे तिकीट कधीचे काढलेत आणि दहा जणांत माघारीचा निर्णय कोणी घ्यायचा, हे गाइड भेटायच्या कितीतरी आधी ठरलेले असते. बहुतेक चुका तिथेच होतात. म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या.

आधी एक गोष्ट पक्की करू. मराठवाड्यातला माणूस वर्षातून एकदा, तोही पाच-सहा दिवस बर्फ बघतो. बर्फाचे थर ओळखायला त्या डोंगरात हंगामच्या हंगाम काढावे लागतात, एखादा व्हिडिओ पाहून ते जमत नाही. उतार मात्र कुणालाही मोजता येतो, घरी नकाशावर आणि तिथे फोनवर. माणसे ज्यात सापडतात ती थराची हिमस्खलने, म्हणजे बर्फाचा अख्खा थर एकदम सुटतो ती, प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, सर्वाधिक ३८ अंशांच्या आसपास. याहून खूप खड्या भिंतीवर बर्फ साठतच नाही, थोडा थोडा गळून जातो. २५ अंशांच्या आतल्या उतारावर तो सहसा आपणहून सुटत नाही. तुम्ही ३० अंशांच्या आत आहात आणि तुमच्या डोक्यावरही तसा उतार नाही, तर बर्फाच्या थरांबद्दल तुमचे अज्ञान बऱ्याच अंशी निरुपद्रवी ठरते. पुढचे सगळे याच एका आधारावर उभे आहे.

## पायरी १: मार्ग निवडताना नकाशावर उतार मोजा

"ईझी टू मॉडरेट" या शिक्क्यावर जाऊ नका. दमछाक किती होईल एवढेच तो सांगतो.

संगणकावर गुगल अर्थ उघडा आणि मार्ग शोधा. इथे जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करतो: वाटेचा चढ मोजतो. वाट सपाट असू शकते, पण ती ४० अंशांच्या कुशीतून आडवी गेलेली असू शकते. मोजायचा तो डोंगराचा उतार. वाटेवर एक बिंदू घ्या. तिथून सरळ वर, पाणी ज्या रेषेत खाली येईल त्या रेषेत, १०० मीटर आडवे अंतर मोजा आणि दोन्ही टोकांच्या उंचीतला फरक काढा. तोच प्रकार खालच्या बाजूलाही करा.

१०० मीटर आडव्या अंतरात ३६ मीटर उंची वाढली तर उतार २० अंश. ४७ मीटर म्हणजे २५ अंश, ५८ म्हणजे ३०, ७० म्हणजे ३५ आणि पूर्ण १०० मीटर म्हणजे ४५ अंश. हे पाच आकडे कागदावर लिहून ठेवा. नकाशाच्या काही अ‍ॅपमध्ये उतारानुसार रंग दाखवण्याची सोय असते, ती असेल तर काम सोपे होते. मात्र डिजिटल नकाशा उंचसखलपणा गुळगुळीत करतो. वीस-पंचवीस मीटरचा खडा टप्पा त्यात दिसतच नाही. म्हणून नकाशावर २७-२८ अंश दिसले तरी ते ३० धरूनच चाला.

मग मान वर करा, म्हणजे नकाशावर. तुम्ही सपाटीवर असाल, पण वर खडा उतार असेल तर सुटलेला बर्फ तुमच्यापर्यंत येतो. २८ फेब्रुवारी २०२५ ला उत्तराखंडात माणाजवळ हिमस्खलनात सीमा रस्ते संघटनेचे ५४ कामगार अडकले, त्यातले आठ दगावले. ती माणसे कुठला कडा चढत नव्हती, आपल्या छावणीत होती. अंदाज असा घ्यायचा: तुम्ही उभे आहात तिथून वरच्या बर्फाच्या उताराच्या माथ्याकडे बघा. नजरेचा कोन १८ अंशांच्या आत असेल तर बर्फ तिथवर सहसा पोचत नाही. २५ अंशांच्या वर असेल तर तुम्ही त्याच्या वाटेत आहात असे समजा. त्यामधल्या पट्ट्यात तंबू ठोकू नका.

सह्याद्रीत घडलेल्या ट्रेकरला एक सवय मुद्दाम मोडावी लागते. आपल्याकडे नाळ म्हणजे वर जायची हुकमी वाट. दोन्ही बाजूंना कातळ, मध्ये दगडधोंडे, धरायला जागा. हिवाळी हिमालयात नाळ टाळायची. दोन्ही बाजूंच्या उतारांचा बर्फ तिथेच उतरतो, बाजूला पळायला जागा नसते आणि थोडासा बर्फही खोल साचतो. मोकळ्या उतारावर कमरेपर्यंत आला असता तो घळीत माणसाला पुरा गाडतो. चढायला दांडावरची वाट बघा, ती लांब पडली तरी.

पहिल्याच हिवाळ्यात खिंड ओलांडून पलीकडे उतरणारा ट्रेक घेऊ नका. मध्येच बर्फ पडला तर पुढे जाणे आणि मागे फिरणे दोन्ही सारखेच अवघड होऊन बसते. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परतता येईल, बराचसा भाग जंगलातून किंवा दांडावरून असेल, असा मार्ग निवडा.

तपासा: मार्गाचा ३० अंशांवरचा प्रत्येक तुकडा आणि अशा उताराखालचा प्रत्येक तुकडा नकाशावर लाल केला का? प्रत्येक लाल तुकड्याला वळसा आहे का? नसेल तर तिथून मागे फिरायचे हे आत्ताच लिहून ठेवा.

## पायरी २: तिकिटाआधी राखीव दिवस

रेल्वेचे आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते. नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगरकर सचखंडने दिल्ली गाठतात, तिथून देहरादून, आणि देहरादूनहून केदारकंठ्याच्या पायथ्याचे सांकरी गाव हा आणखी दिवसभराचा रस्ता. एवढी साखळी जुळवताना पहिला बळी जातो तो मोकळ्या दिवसांचा. रजा मोजकी, म्हणून ट्रेक संपला की दुसऱ्या दिवशी देहरादून आणि त्याच रात्री दिल्लीहून गाडी.

असे तिकीट काढलेल्या ग्रुपने अर्धा निर्णय करून टाकलेला असतो. वर बर्फ पडला तर त्यांना थांबता येत नाही. मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे पहिले २४ ते ४८ तास सर्वांत वाईट, आणि नेमके तेच तास हे लोक चालण्यात घालवतात. दोन दिवस कोरे ठेवा. ते वापरावे लागले नाहीत तर हरिद्वार, ऋषिकेश आहेच.

आयोजकांकडून नोंदणी करत असाल तर पैसे भरण्याआधी हे विचारा. हवामानामुळे माथा रद्द झाला तर निर्णय कोणाचा? पर्यायी वाट कोणती? गाइडने उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा मनाली, दार्जिलिंग, पहलगामच्या संस्थेतून प्रशिक्षण घेतले आहे का, की फक्त "बारा वर्षांचा अनुभव" आहे? हिमस्खलनाची साधने ग्रुपसोबत असतात का? "आमच्या रूटवर तसले काही होत नाही" असे उत्तर आले तर दुसरा आयोजक शोधा.

## पायरी ३: सराव घरी, बर्फाशिवाय

उताराचा अंदाज घेण्यात बहुतेकांची नजर चुकते. ती घरीच सुधारता येते. फोनमध्ये कोन दाखवणारे अ‍ॅप घ्या. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांवर एक काठी आडवी टाका आणि फोनची कड काठीवर ठेवा. सात इंच उंचीची आणि दहा इंच रुंदीची पायरी असेल तर आकडा ३५ च्या आसपास येतो. म्हणजे रोज दुधाची पिशवी घेऊन चढता तो जिना हिमस्खलनाच्या ऐन पट्ट्यात मोडतो. हे एकदा फोनच्या पडद्यावर बघितले की "एवढासा तर उतार आहे" म्हणायची सवय जाते.

मग रविवारी अंतूर किल्ल्यावर जा, वेताळवाडीला जा. प्रत्येक उतारासमोर आधी सगळ्यांनी आकडा बोलायचा, मग मोजायचा. दहा-पंधरा उतारांनंतर नजर बसू लागते.

दुसरा सराव साधनांचा. तीन वस्तू प्रत्येकाकडे हव्यात, तिन्ही एकत्रच: अंगावर बांधायचा ट्रान्सीव्हर, २४० सेंटीमीटर किंवा त्याहून लांब घडीची सळई म्हणजे प्रोब, आणि धातूचे फावडे. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल पाठवतो आणि गरज पडली की तोच शोधायला वापरता येतो. प्रोबशिवाय नेमकी जागा सापडत नाही आणि फावड्याशिवाय माणूस निघत नाही. आदळून थांबलेला बर्फ इतका घट्ट बसतो की हाताने उकरता येत नाही.

सरावाला बर्फ लागत नाही. शेतात कडब्याच्या पेंढ्या पसरा, एकीखाली पिशवीत चालू ट्रान्सीव्हर लपवा आणि एकाला शोधायला सांगा. बहुतेकांचे सारखेच होते. पडद्यावर बाण दिसला की माणूस पळत सुटतो. बाण सरळ नेत नाही, वाकडा नेतो, कारण सिग्नलच्या रेषा वक्र असतात. अंतराचा आकडा ३०, २२, १५ असा उतरतो, तो पळत पुढे निघून जातो, आकडा पुन्हा वाढतो, मग गोंधळून हात डोक्यावर धरून गोल फिरू लागतो. शिकायचे ते हे: १० आला की चाल हळू करा. ३ आला की गुडघ्यावर बसा, यंत्र जमिनीलगत आणा, त्याचे तोंड न फिरवता सरळ रेषेत पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे न्या. सर्वांत लहान आकडा जिथे येतो तिथे खूण करा. चार मिनिटांच्या आत सापडेपर्यंत हा खेळ सोडू नका.

फावड्याचा सराव बांधकामावरच्या वाळूच्या ढिगात करा. मालकाला विचारून.

सावध: साधने आहेत म्हणून खडा उतार चढायचा नाही. आदळून, झाडावर आपटून होणाऱ्या मृत्यूंवर ट्रान्सीव्हरचा काही इलाज नाही. मायक्रोस्पाइकचेही तसेच. पाय घसरू नये म्हणून ते आहेत. ते घातले की चालायला धीर येतो आणि माणूस जिथे जायला नको तिथे जातो.

## पायरी ४: निघण्याआधीचा आठवडा

पश्चिम हिमालयात हिवाळ्यातला बर्फ प्रामुख्याने पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेमुळे, पडतो. डिसेंबर ते मार्च एकामागून एक येतात. हवामान खात्याच्या देहरादून केंद्राचा अंदाज रोज एकाच वेळी बघा आणि तीन गोष्टी वहीत लिहा: नवा बर्फ किती, वारा किती आणि कुठून, तापमान चढतेय की उतरतेय.

चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचा इशारा देते. त्यात जिल्हा, धोक्याची पातळी आणि "इतक्या मीटरच्या वर" असा उल्लेख असतो. ही मीटरची ओळ वाचल्याशिवाय इशारा अर्धाच वाचला जातो. माणाच्या दुर्घटनेच्या आदल्या संध्याकाळी चमोलीसह पाच जिल्ह्यांत २,४०० मीटरच्या वरच्या भागासाठी इशारा निघाला होता. तुमच्या प्रत्येक मुक्कामाची उंची वहीत आधीच लिहिलेली हवी, म्हणजे इशारा कोणत्या मुक्कामाला लागू होतो ते लगेच कळते. इशारा पूर्ण जिल्ह्यासाठी असतो. तो तुमच्या वाटेवरचा विशिष्ट उतार ओळखत नाही, आणि इशारा नाही म्हणून उतार सुरक्षित ठरत नाही.

दोन गैरसमज इथेच काढून टाका. "यंदा बर्फ कमी आहे, म्हणजे धोका कमी." हे उलटे पडू शकते. थर पातळ आणि रात्री कडक थंड, आकाश निरभ्र असेल तर तळाचा बर्फ साखरेसारखा सुटा, दाणेदार होतो. त्या दाण्यांना एकमेकांची पकड नसते. जानेवारी-फेब्रुवारीत त्यावर मोठा बर्फ पडला की वरचा घट्ट थर या दाण्यांवर टेकलेला राहतो, आणि एका माणसाचे वजनही तो तोडायला पुरते. दुसरा गैरसमज: "बर्फ थांबला, ऊन पडले, आता चला." वारा चालू असेल तर बर्फवृष्टी थांबल्यावरही उतार भरतच राहतो. वारा दांडाच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला टाकतो. आकाश निळे असताना आडोशाच्या बाजूला काही तासांत हातभर बर्फ चढलेला असतो.

चोवीस तासांत ३० सेंटीमीटर नवा बर्फ, किंवा त्याहून कमी पण सोबत जोराचा वारा: राखीव दिवस वापरायची वेळ झाली.

## पायरी ५: पायथ्याच्या गावात

चहाच्या टपरीवर बसा आणि खेचरवाल्यांशी, वनरक्षकांशी बोला. "ऊपर रास्ता खुला है क्या?" असे विचारू नका. रस्ता खुला असतोच, त्यांची रोजी त्यावर असते. "इस हफ़्ते कौन-से गदेरे में बर्फ़ गिरी?" असे विचारा. गढवालात ओढ्याच्या घळीला गदेरा म्हणतात. या प्रश्नाला नाव येते, जागा येते. ती नकाशावर लावा. ज्या दिशेचा आणि ज्या उंचीवरचा एक उतार सुटला, त्या दिशेचे त्या उंचीवरचे बाकीचे उतारही संशयित.

वनखात्याचा परवाना घ्या, नावे खरी लिहा. तुमची परतीची तारीख गावात एकाला आणि घरी एकाला लिहून द्या. उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय नेऊ नका. भारतात ते बेकायदा आहे, परदेशातून भावाने आणले असले तरी.

## पायरी ६: निघायची सकाळ

तंबूबाहेर पडून दोन मिनिटे नुसते बघा. रात्रीत किती पडला? तंबूच्या दोरीवर, झाडांच्या एकाच बाजूला चिकटलेला दिसतो का? दांडावरून बर्फाची धूळ उडतेय का? थंडी अचानक मोडली आहे का?

मग ट्रान्सीव्हरची तपासणी. म्होरक्याने पंधरा-वीस पावलांवर शोधस्थितीत उभे राहायचे आणि एकेकाने समोरून जायचे. प्रत्येकाचा सिग्नल ऐकू आला पाहिजे. यंत्र आतल्या कपड्यांवर, पट्ट्याने अंगाला बांधलेले हवे, सॅकमध्ये नाही. मोबाइल, पॉवर बँक, कॅमेरा त्यापासून किमान २० सेंटीमीटर लांब, आणि शोधताना ५० सेंटीमीटर. खिशातला फोन चालू ठेवून शोधायला निघालेला माणूस स्वतःच्याच फोनच्या मागे फिरतो.

परतीची वेळ ठरवा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने बोला. उन्हाने उतार नरम व्हायच्या आत खाली यायचे. पूर्वेकडचे उतार सकाळीच तापतात, दक्षिणेकडचे दुपारी. उत्तरेकडचे थंड राहतात, म्हणून टणक दिसतात, पण कमकुवत थर तिथेच जास्त दिवस टिकतो.

शेवटचा नियम आपल्या ग्रुपांत सर्वांत कमी पाळला जातो. एकाही माणसाने "नको" म्हटले तर तो उतार नको. कारण विचारायचे नाही, थट्टा करायची नाही. वयाने लहान, पहिल्यांदा आलेली मुलगी आणि ग्रुपचा "दादा" यांच्या "नको"चे वजन एकच. हे निघायच्या आधी ठरले नाही तर वर कुणी तोंड उघडत नाही.

## पायरी ७: वाटेवर

चालताना पाच गोष्टी दिसल्या किंवा ऐकू आल्या तर त्या क्षणी खड्या उताराचा विषय संपवा:

- आसपास ताजे सुटलेले हिमस्खलन.
- पाय टाकल्यावर बर्फाखालून "धुप्प" असा दबका आवाज, आणि पायाखालचा बर्फ किंचित खचल्यासारखा वाटणे.
- पावलापासून पुढे धावत जाणारी भेग.
- गेल्या दोन दिवसांतला मोठा नवा बर्फ किंवा वाऱ्याने भरलेला उतार.
- अचानक वाढलेली ऊब, उतारावरून आपोआप घरंगळणारे बर्फाचे गोळे.

यातला "धुप्प" लोक हसण्यावारी नेतात. सपाटीवर तो ऐकू आला तर तुम्हाला काही होत नाही, म्हणून. खाली कमकुवत थर तुटला, हे तो सांगतो. तसलाच थर ३५ अंशांवर तुटला असता तर वरचा सगळा उतार सुटला असता.

उताराचा संशय आला तर काठी उतारावर, पाणी वाहील त्या दिशेने आडवी टाका, फोन त्यावर ठेवा, आकडा वाचा. ही मोजणी सुरक्षित जागी उभे राहून, तशाच दिसणाऱ्या छोट्या उतारावर करायची. संशयित उताराच्या मध्यभागी जाऊन नाही.

संशयित उतार किंवा घळ ओलांडणे टळतच नसेल आणि वरच्या पाचपैकी एकही खूण नसेल, तर एका वेळी एकच माणूस. बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची, पलीकडे पोचला की दुसरा. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा. सॅकचा छातीवरचा पट्टा सोडा. टोपी कानावर, चेन बंद, मफलर तोंडावर. मध्ये थांबायचे नाही, फोटो नाही, पाणी नाही. हंगामात लोकप्रिय वाटांवर तीस-चाळीस जणांची सलग रांग अशा जागी उभी दिसते, कारण पुढे कुणाचा तरी स्पाइक निघालेला असतो. त्या रांगेत शिरू नका. त्या जागेच्या अलीकडच्या बाजूला थांबून वाट मोकळी होऊ द्या.

सावध: "समोर पावले उमटलेली आहेत" हा पुरावा नाही. दहा जण गेलेल्या उतारावर अकरावा माणूस थर पातळ असलेल्या जागी पाय ठेवतो आणि उतार सुटतो.

जंगल आले की हायसे वाटते, आणि दाट जंगल खरोखर बरे. पण झाडांमधून वरून खाली सरळ उतरलेला उघडा पट्टा दिसला, किंवा झाडांच्या वरच्या बाजूच्याच फांद्या मोडलेल्या दिसल्या, तर ती बर्फाची नेहमीची वाट आहे. तिच्या तोंडाशी जेवायला बसू नका.

दांडावर वाऱ्याने बर्फाचा छज्जा बाहेर काढलेला असतो. वरून तो जमीनच वाटते. तो तुटतो तेव्हा अपेक्षेपेक्षा मागून तुटतो. माथ्यावरच्या सेल्फीसाठी कडेपासून बरेच आत राहा.

ट्रेक न करणाऱ्यांनी, गाडीने बर्फ बघायला जाणाऱ्यांनीही एवढे ध्यानात घ्यावे. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नाथू लाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सात पर्यटक हिमस्खलनात गेले. परवानगी १३ व्या मैलापर्यंत होती, ते १५ व्या मैलाजवळ होते. महिना एप्रिलचा. उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावरची हिमस्खलनाची दुर्घटना तर ४ ऑक्टोबर २०२२ ची, आणि त्यात सापडलेले लोक गिर्यारोहणाचे प्रशिक्षण घेणारे आणि देणारे होते.

## पायरी ८: घडलेच तर

उतार सुटला तर ज्याच्याखाली सुटला त्याने ओरडायचे, काठ्या सोडायच्या, बाजूला निसटायचा प्रयत्न करायचा. वाहून जात असाल तर वर राहायची धडपड करा. वेग मंदावतोय असे वाटताच दोन्ही हात तोंडासमोर आणा आणि चेहऱ्यापुढे पोकळी करा. बर्फ थांबला की तो क्षणात घट्ट होतो, मग हात हलत नाही.

बाकीच्यांनी नजर हलवायची नाही. माणूस शेवटचा दिसला ती जागा पक्की धरा. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात. अर्ध्या तासानंतर वाचणाऱ्यांचे प्रमाण फार घसरते. बचावपथक कितीही तत्पर असले तरी या वेळेत पोचत नाही. म्हणून सगळे मिळून गावाकडे धावू नका, आधी शोधा.

१. वरून आणखी बर्फ यायची शक्यता बघा. एकाने पहारा ठेवा. रेंज असेल तर एकाने ११२ लावा, जागा आणि माणसांची संख्या सांगा.

२. उरलेल्या सगळ्यांनी ट्रान्सीव्हर शोधस्थितीत घ्या. एकाने जरी पाठवण्याच्या स्थितीत ठेवला तर सगळे त्याच्याकडेच वळतील. ही सर्वांत नेहमीची चूक, म्हणून मोठ्याने एकेकाचे नाव घेऊन विचारा.

३. शेवटच्या दिसलेल्या जागेपासून खाली, बर्फाच्या ढिगावर पट्टे पाडून शोधा, दोन माणसांत ४० मीटरहून जास्त अंतर नको. डोळे उघडे ठेवा: हातमोजा, काठी, बुटाचे टोक. सापडलेली वस्तू ओढून बघा, मग तिथेच ठेवा.

४. सर्वांत लहान आकडा आला की प्रोब घ्या. उताराशी काटकोनात खुपसा, उभा नाही. तिथून गोलाकार बाहेर, दर २५ सेंटीमीटरवर. माणसाला लागला की हाताला मऊ, लवचीक जाणवते. दगडाला लागला तर ठणका बसतो. लागला की प्रोब काढू नका. तो तिथेच राहील आणि किती खोल आहे ते त्याच्या खुणांवरून कळेल.

५. प्रोबच्या डोक्यावर उभे राहून खणू नका. खोलीच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला जा आणि तिथून आडवे आत खणत या. एक जण पुढे, बाकीचे मागे बर्फ सारत. एक-दोन मिनिटांनी पुढचा बदला, दमलेल्या हाताने काम मंदावते.

ट्रान्सीव्हर नसेल तर हाती काठ्याच. ढिगाचे टोक, वळणाची बाहेरची बाजू, झाडांच्या आणि खडकांच्या वरच्या बाजूचा साठा, या जागा आधी टोचा.

चेहरा लागला की पहिल्यांदा तोंड आणि नाक मोकळे करा, छातीवरचा बर्फ काढा. श्वास नसेल तर पाय अजून गाडलेले असतानाच तोंडाने श्वास द्यायला सुरुवात करा. बाहेर काढताना झटका नको, उभे करणे नको, चालवणे नको. आडवेच ठेवा. मानेला, पाठीला मार आहे असे धरून हलवा. ओले कपडे काढा, खाली मॅट, अंगाभोवती स्लीपिंग बॅग आणि वर वारा अडवणारे काहीतरी. हातपाय चोळू नका, शेकोटीजवळ नेऊ नका, दारू देऊ नका. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून काखेत आणि छातीशी ठेवा. पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तरच गोड, कोमट पेय द्या. श्वास आणि नाडी सापडत नसेल तर छातीदाब आणि श्वास सुरू ठेवा. थंड पडलेल्या माणसाला मृत ठरवायचा निर्णय डॉक्टरचा, तुमचा नाही.